कामगारवस्तीत जन्मलेली अक्षरे

मॉन्टेसरी हा शब्द ऐकला की आज आपल्या डोळ्यांसमोर काय येते? रंगीत भिंती, गाडीतून उतरणारी मुले आणि रोजंदारीवरच्या बापाला न परवडणारी फी. ज्या बाईंचे हे नाव, त्यांची पहिली बालशाळा मात्र रोम शहरातल्या मजुरांच्या वस्तीत उघडली होती. हा इतिहास आपल्या वस्त्यांत कोणी सांगत नाही, म्हणून तो सांगणे भाग आहे.

मारिया मॉन्टेसरी यांचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० रोजी इटलीतील किआराव्हाले या गावी झाला. मुलींनी फार तर शिक्षिका व्हावे असे मानणाऱ्या त्या काळात त्यांनी वैद्यकशास्त्र निवडले आणि १८९६ मध्ये रोम विद्यापीठातून त्या डॉक्टर झाल्या. इटलीतल्या पहिल्या काही महिला डॉक्टरांपैकी त्या एक. पुढे मनोरुग्णांच्या दवाखान्यात काम करताना त्यांना मंदबुद्धी ठरवून वेड्यांसोबत कोंडलेली मुले दिसली. इतार आणि सेगाँ या फ्रेंच डॉक्टरांचे ग्रंथ अभ्यासून त्यांनी त्या मुलांना हाताने हाताळायच्या वस्तूंतून शिकवले. त्यांतली काही मुले सर्वसाधारण मुलांच्या परीक्षेत उत्तीर्ण झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाईंना मात्र वेगळाच प्रश्न पडला. टाकून दिलेली मुले इथवर येतात, तर धडधाकट मुले शाळेत मागे का राहतात? दोष मुलांचा की शाळेचा?

उत्तर शोधायची संधी त्यांना सान लोरेन्झो या कामगारवस्तीत मिळाली. आईबाप कामावर गेले की मागे राहिलेली मुले इमारतीच्या भिंती खराब करतात, ही घरमालक संस्थेची तक्रार. दुरुस्तीवर खर्च करण्यापेक्षा मुलांना एका खोलीत सांभाळणे स्वस्त, असा हिशेब. त्या हिशेबातून ६ जानेवारी १९०७ रोजी 'बालकांचे घर' सुरू झाले. पन्नासेक मुले, वय तीन ते सहा. बहुतेकांचे आईबाप निरक्षर.

एवढ्या लहान वयात लिहायला शिकवावे असे बाईंच्या मनात नव्हते. मागणी केली ती वस्तीतल्या आयांनी. अक्षरओळख नसलेल्या त्या बायांना अक्षराची किंमत पुरती ठाऊक होती. लाकडी अक्षरे करून घेण्याइतका पैसा नव्हता, तेव्हा बाईंनी सँडपेपर कापून अक्षरे पुठ्ठ्यावर चिकटवली. मूल खरखरीत अक्षरावरून दोन बोटे फिरवी आणि त्याच वेळी त्याचा आवाज ऐके. डोळा, बोट आणि कान यांना एकदमच धडा मिळे.

खरी मेख इथे आहे. बाईंनी अक्षराचे नाव शिकवले नाही, आवाज शिकवला. आधी स्वर, मग व्यंजन, आणि व्यंजन लगेच स्वराशी जोडून. त्यानंतर सुट्या अक्षरांची पेटी. तिच्यात स्वर एका रंगाचे, व्यंजने दुसऱ्या रंगाची. मूल शब्द मनात उच्चारी, आवाज सुटे करी आणि अक्षरे ओळीत मांडी. हातात खडू येण्याआधीच त्याला शब्द रचता येई. त्याच वर्षाच्या अखेरीस पाच वर्षांच्या एका मुलाने धुराड्याचे चित्र काढता काढता 'मानो', म्हणजे हात, हा शब्द जमिनीवर लिहिला. मग एकामागून एक मुले लिहू लागली. १९०९ मध्ये बाईंनी या पद्धतीवर ग्रंथ लिहिला आणि तो जगभर पोहोचला.

त्यांच्या आयुष्यातली काळी बाजूही झाकू नये. मुसोलिनीच्या राजवटीचा आश्रय त्यांनी काही वर्षे घेतला. १९३४ मध्ये संबंध तुटले, शाळा बंद पडल्या आणि त्यांना देश सोडावा लागला. १९३९ मध्ये त्या मद्रासजवळच्या अड्यार येथे आल्या. पुढच्या वर्षी इटली युद्धात उतरताच इंग्रज सरकारने त्यांचा मुलगा मारिओ याला अहमदनगरच्या छावणीत स्थानबद्ध केले. बाईंच्या सत्तराव्या वाढदिवशी त्याची सुटका झाली. युद्धकाळात त्यांनी इथे अनेक शिक्षक घडवले. ६ मे १९५२ रोजी हॉलंडमध्ये त्यांचे निधन झाले.

ही पद्धत आपल्याकडच्या गरिबाच्या अंगणात नेली ती ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी, बोर्डी आणि कोसबाडच्या आदिवासी मुलांमध्ये. इतरत्र मात्र मॉन्टेसरी ही पैसेवाल्यांची पाटी झाली.

यात आपले काय अडले? महाराष्ट्रात २००० पासून पहिलीपासून इंग्रजी आले. आपले लोक पोटाला चिमटा काढून मुलांना इंग्रजी शाळेत घालतात. तिथे पोर 'सी ए टी कॅट' असे घोकते. सी, ए आणि टी ही नावे कितीही भरभर म्हटली तरी त्यांतून कॅट निघत नाही. आवाज जोडले तरच निघतो. इटालियन भाषा बहुतांशी बोलावी तशी लिहितात. इंग्रजीत दोन स्वर मिळून एक आवाज होतो. 'रेन'मध्ये ए आणि आय, 'बोट'मध्ये ओ आणि ए. हे जोडस्वर कोणी उलगडून दाखवले नाहीत तर मूल पाठ करते, वाचत नाही. साहेबाच्या घरी हे आई समजावते. आपल्या घरी कोण समजावणार? मग नापास पोरावर 'डोके नाही' असा शिक्का बसतो. शंभर वर्षांपूर्वी सान लोरेन्झोने खोटा ठरवलेला हाच तो शिक्का.

कायदा काय म्हणतो तेही पाहा. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वयाला शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी कलम ४५ मध्ये राज्याने प्रयत्न करावा एवढेच उरले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम ११ ही पूर्वप्राथमिक शिक्षणाबाबत सरकार व्यवस्था करू शकेल असेच म्हणते. केलीच पाहिजे असे म्हणत नाही. 'शकेल' आणि 'पाहिजे' यांच्या फटीत आपली पिढ्यान्‌पिढ्या पोरे पडत आली आहेत.

ही फट बुजवण्याची लढाई लढावी लागेलच. तोवर प्रत्येक विहारात, समाजमंदिरात संध्याकाळी तासभर वर्ग चालू शकतो. सँडपेपर, पुठ्ठा आणि कात्री यांना फारसा पैसा लागत नाही. वस्तीतल्या शिकल्या-सवरलेल्या तरुण-तरुणींनी आवाज जोडायला शिकवावे. सान लोरेन्झोच्या निरक्षर आयांनी मागणी केली म्हणून जगाला ही पद्धत मिळाली. आपल्या आयाबहिणींनीही आता अंगणवाडीच्या दारात उभे राहून तीच मागणी करावी.