इसामी हिरोई : समुद्रास बांध घालणारा इंजिनियर

जपानांतील मोठमोठ्या बांधकाम-कंपन्यांचीं नांवें आज जगभर ठाऊक आहेत. त्यांपैकीं शिमिझु ही पेढी सन १८०४ मध्यें व काजिमा ही सन १८४० मध्यें सुतारांनीं स्थापिली. लांकडी इमारती उभारण्यांत हे कारागीर निष्णात होते. परंतु खवळलेल्या समुद्रांत टिकेल अशी भिंत कशी बांधावी, ही विद्या त्या देशास नव्यानेंच शिकावी लागली. ज्यांनीं ती स्वतः शिकून देशबांधवांस शिकविली, त्यांत इसामी हिरोई यांचें नांव अग्रगण्य आहे.

हिरोई यांचा जन्म सन १८६२ मध्यें तोसा प्रांतांतील साकावा या गांवीं एका सामुराई कुळांत झाला. बाळपणींच पितृछत्र हरपल्यामुळें घरीं दारिद्र्य आलें. पुढें एका आप्ताच्या आश्रयानें ते तोकियोस गेले, आणि सन १८७७ मध्यें साप्पोरो येथील शेतकी महाविद्यालयांत दाखल झाले. कान्झो उचिमुरा व इनाझो नितोबे हे पुढें विख्यात झालेले पुरुष तेथें त्यांचे सहाध्यायी होते. सन १८७८ मध्यें या मित्रांसमवेत हिरोई यांनीं हॅरिस या अमेरिकन मिशनऱ्याच्या हस्तें बाप्तिस्मा घेतला.

आपण उपदेशक व्हावें असें त्यांस प्रथम वाटत असे. परंतु आपला देश दरिद्री आहे, लोकांस पोटभर अन्न मिळावें यासाठीं झटणें हीहि ईश्वरसेवाच होय, असा विचार करून त्यांनीं स्थापत्याचा मार्ग पत्करला. सन १८८१ मध्यें ते पदवीधर झाले. सन १८८३ मध्यें स्वतः सांठविलेल्या पैशांवर ते अमेरिकेस गेले व मिसिसिपी नदीच्या सुधारणेच्या कामावर आणि पुलांच्या कारखान्यांत राबले. पोलादी तुळयांच्या पुलांविषयीं त्यांनीं इंग्रजींत लिहिलेला ग्रंथ सन १८८८ मध्यें न्यूयॉर्क येथें प्रसिद्ध झाला. जर्मनींतहि कांहीं काळ अध्ययन करून सन १८८९ मध्यें ते स्वदेशीं परतले.

सन १८९७ मध्यें होक्काइदो बेटावरील ओतारू बंदराचें काम त्यांच्याकडे आलें. हिंवाळ्यांतील वादळांनीं तेथें प्रचंड लाटा उसळतात. शिवाय, थोड्याच वर्षांपूर्वीं योकोहामा येथें समुद्रांत घातलेले काँक्रीटचे ठोकळे तडकले होते. त्यामुळें काँक्रीटवरील लोकांचा विश्वासच डळमळला होता. आपलाहि बांध असाच फुटला तर? हिरोई यांनीं या शंकेकडे डोळेझांक केली नाहीं. सिमेंटांत ज्वालामुखीची राख मिसळून त्यांनीं मिश्रण अधिक टिकाऊ केलें. कोलंबोच्या बंदराप्रमाणें ठोकळे तिरपे रचून ते एकमेकांस घट्ट टेंकतील अशी योजना केली. मजुरांच्या बरोबरीनें उभें राहून काँक्रीट कालविण्यासहि ते मागें सरले नाहींत. सन १८९९ मध्यें तोकियो विद्यापीठांत अध्यापक झाल्यावरहि या कामावरील त्यांची देखरेख सुटली नाहीं. सन १९०८ मध्यें १,२८९ मीटर, म्हणजे सुमारें ४,२०० फूट लांबीचा बांध पुरा झाला.

परंतु बांध पुरा झाला म्हणून त्यांची जबाबदारी संपली नाहीं. काँक्रीटचे सुमारें ६०,००० लहान नमुने त्यांनीं तयार करविले होते. कांहीं समुद्राच्या पाण्यांत, कांहीं गोड्या पाण्यांत व कांहीं हवेंत ठेवावयाचे, आणि वर्षांमागून वर्षें थोडे थोडे तोडून त्यांचें बळ मोजावयाचें, अशी ती व्यवस्था होती. आपल्या मरणानंतरहि आपल्या कामाची परीक्षा व्हावी, दोष असल्यास तो उघड व्हावा, हीच त्यांची इच्छा यांतून दिसते.

त्यांच्या शिष्यांपैकीं आकिरा आओयामा यांनीं पनामा कालव्यावर काम केलें. योइची हात्ता यांनीं तैवानांत वुशानतौ येथें मोठें धरण बांधलें, तें सन १९३० मध्यें पूर्ण झालें. हिरोई यांनीं सन १९१९ मध्यें अध्यापकपद सोडलें व ता. १ ऑक्टोबर १९२८ रोजीं ते निवर्तले. त्यांच्या अंत्यविधीच्या प्रसंगीं बाळमित्र उचिमुरा यांनींच भाषण केलें.

ओतारूचा तो बांध आजहि लाटा अडवीत उभा आहे. विद्यार्थिमित्रांनो, त्याचे पुष्कळसे ठोकळे पाण्याखालीं आहेत. ते कोणाच्या दृष्टीस पडत नाहींत. तरी बांध उभा आहे तो त्यांच्याच आधारावर. आपल्या नित्याच्या अभ्यासांत व कामांत जो भाग कोणी तपासणार नाहीं, तो आपण कसा करतों, याचा विचार प्रत्येकानें आपल्या मनाशीं करावा.