कापरेकर सर आणि डावीकडचं शून्य

डीबीएमएसच्या प्रॅक्टिकलला 'एल-पॅड' हे फंक्शन आपण सगळेच करतो. म्हणजे संख्या ठरलेल्या लांबीची व्हावी म्हणून डावीकडे शून्यं भरायची. पण ते शून्य कशाला, हे मला कळलं ते कापरेकर सरांमुळे!

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला झाला. शाळा ठाण्यात, कॉलेज पुण्याचं फर्ग्युसन. १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळालं, १९२९ साली बी.एस्सी. झाले. पुढची पदवी त्यांनी घेतली नाही. १९३० ते १९६२ ते देवळालीला शाळेत शिकवत होते. आपल्या जवळच्या डोंबिवली स्टेशनवर सुचलेल्या संख्यांना त्यांनी 'डेम्लो' असं नाव दिलं.

१९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ६१७४ ची गंमत मांडली. चारही अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या घ्या. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावा, मोठीतून लहान वजा करा. हेच करत राहिलात की जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतंच.

आता २१११ घेऊ. २१११ वजा १११२ म्हणजे ०९९९. नंबर टाईपच्या कॉलममध्ये हे नुसतं ९९९ म्हणून राहतं. पुढे ९९९ वजा ९९९ बरोबर शून्य, खेळ खल्लास! पण एल-पॅड(९९९, ४, '०') केलं की '०९९९' मिळतं. मग ९९९० वजा ०९९९ म्हणजे ८९९१, पुढे ८०८२, ८५३२ आणि पाचव्या पायरीला ६१७४. एवढं मात्र लक्षात ठेवा, पॅड केल्यावर ती स्ट्रिंग होते. अंक लावून झाले की वजाबाकीआधी पुन्हा नंबर करून घ्यायचा.

सरांचं काम म्हणजे नुसती करमणूक, असं आपल्याकडच्या बऱ्याच गणितज्ञांना वाटे. मोठी पदवी नाही, विद्यापीठात जागा नाही, मग विचारतो कोण? सर मात्र पदरमोड करून पुस्तिका छापत राहिले. १९७५ साली मार्टिन गार्डनरनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्यावर लिहिलं आणि जगाला हा देवळालीचा मास्तर कळला. तोवर त्यांनी सत्तरी गाठली होती. १९८६ साली ते गेले.

डावीकडच्या शून्याला किंमत नसते म्हणतात. पण ते गाळलं तर ६१७४ पर्यंत पोचता येत नाही. आज रात्री जेवण झालं की हॉस्टेलच्या पीसीवर क्वेरी लिहून बघाच!