कागदावर प्रोग्रॅम लिहिणारा माणूस

रविवारी मिस्सा आटोपून जेवणं झाली की माझा मावसभाऊ आणि त्याचे बीसीएचे मित्र आमच्या हॉलमध्ये ठिय्या देतात. विषय ठरलेले. विंडोज सोडून लिनक्स घ्यावं का, सोर्स कोड सगळ्यांना खुला असला की सॉफ्टवेअर आपोआप सुरक्षित होतं का, सी सोडून रस्ट शिकावी का. मी मराठी साहित्य शिकते, त्यामुळे माझं काम चहा आणण्यापुरतं, असा त्यांचा समज. पण एकदा त्यातल्या एकाने डाइकस्ट्राचं नाव काढलं. गणिताची आवड सोडली तर प्रोग्रॅमरला सगळ्यात जास्त उपयोगी पडते ती मातृभाषेवरची पकड, असं हा माणूस मानायचा म्हणे. मी ट्रे तिथेच ठेवला आणि ऐकत बसले.

एड्सखर डाइकस्ट्राचा जन्म १९३० चा, नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमचा. वडील रसायनशास्त्र शिकवायचे. आई गणितात हुशार, पण तिने कधी नोकरी केली नाही. त्याला खरं तर कायदा शिकून संयुक्त राष्ट्रांत जायचं होतं. झालं भलतंच. लायडनला भौतिकशास्त्र शिकताना १९५१ मध्ये तो केंब्रिजला प्रोग्रॅमिंगच्या उन्हाळी वर्गाला गेला आणि पुढच्या वर्षी अ‍ॅमस्टरडॅमच्या गणित केंद्रात कामाला लागला. १९५७ मध्ये लग्नाच्या नोंदणीत त्याने व्यवसाय प्रोग्रॅमर असा सांगितला, तर नगरपालिकेने तो मान्यच केला नाही. असा काही धंदा असतो हेच त्यांना ठाऊक नव्हतं. शेवटी भौतिकशास्त्रज्ञ असं लिहून लग्न लागलं.

त्याच्या एक वर्ष आधीची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. होणाऱ्या बायकोबरोबर खरेदी करून दमल्यावर तो कॉफी प्यायला बसला आणि एका गावाहून दुसऱ्या गावाला जायची सगळ्यात जवळची वाट कशी काढायची, हे त्याने वीसेक मिनिटांत डोक्यातल्या डोक्यात सोडवलं. जवळ कागद-पेन्सिल नव्हती, म्हणून उत्तर सोपं झालं, असं तो नंतर सांगायचा. ही रीत १९५९ मध्ये छापून आली आणि आजही कॉम्प्युटरच्या प्रत्येक वर्गात शिकवतात.

मला मात्र त्याची भीती जास्त जवळची वाटली. पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी डच इंजिनिअर एक्स-१ नावाचं नवं यंत्र बनवत होते. चालू काम मधेच थांबवून ते दुसरीकडे लक्ष देऊ शकणार होतं, आणि कधी थांबेल ते आधी सांगता येणार नव्हतं. मग त्यात चूक झाली तर ती पुन्हा तशीच घडवून बघणार कशी? बाकीचे खूश होते, हा घाबरला. चालवून बघू, चुकलं तर दुरुस्त करू, ही पद्धत इथे उपयोगाची नाही हे त्याला कळलं. चाचणीत चूक सापडली तर ती आहे एवढं समजतं. नाही सापडली म्हणून ती नाहीच, असं म्हणता येत नाही.

पुढे आइंडहोवनला प्राध्यापक असताना त्याने मोजक्या माणसांना घेऊन एक ऑपरेटिंग सिस्टिम बांधली. तिच्यावरचा लेख १९६८ मध्ये आला. सिस्टिम थराथराची होती: खालचा थर बरोबर आहे याची खात्री पटल्यावरच वरचा रचायचा. दोन कामं एकाच वेळी एकच वस्तू मागायला लागली तर एकाला थांबवायचं कसं, यासाठी त्याने रेल्वेच्या हात वर-खाली होणाऱ्या सिग्नलचं नाव उचललं, सेमाफोर. चाचणीत निघाल्या त्या फक्त किरकोळ चुका, साधारण पाचशे सूचनांमागे एक, आणि प्रत्येक दहा मिनिटांत सापडणारी.

त्याच वर्षी त्याचं गो-टूविरुद्धचं पत्र गाजलं. गो-टू म्हणजे प्रोग्रॅममधून कुठूनही कुठेही उडी मारायची सूचना. वाचणाऱ्याला धागाच सापडत नाही, ही त्याची तक्रार. पत्राचं भडक शीर्षक मात्र त्याचं नाही, संपादकाने दिलेलं आहे. सगळ्यांना पटलं असंही नाही. क्नूथने १९७४ मध्ये गो-टू कुठे शोभतो ते दाखवून दिलं, आणि लिनक्सच्या गाभ्यात तो आजही भरपूर आहे.

डाइकस्ट्रा फटकळही होता. बेसिक भाषा शिकलेली मुलं कायमची बिघडतात असं त्याचं मत. आम्हाला शाळेत बेसिकच होती. म्हणून मी साहित्याला आले असेन कदाचित!

आमच्या हॉलमधल्या वादाचं काय? २०१४ मध्ये अ‍ॅपलच्या कोडमध्ये गो-टूची एक ओळ चुकून दोनदा लिहिलेली निघाली. त्यामुळे समोरची वेबसाइट खरी की तोतया, हे तपासणारा भागच ओलांडला जायचा. दोष एकट्या गो-टूचा नव्हता, पण तो कोड नेटवर कुणालाही वाचायला खुला होता, हे मला महत्त्वाचं वाटतं. खुला होता, तरी बरेच महिने चूक तशीच राहिली. रस्टचा कंपायलर मेमरीच्या काही चुका प्रोग्रॅम चालायच्या आधीच अडवतो, हे डाइकस्ट्राला आवडलं असतं असं मला वाटतं. पण चुकीचा विचार शुद्ध भाषेत लिहिला तर कंपायलर काय करणार?

स्वतःचं लिखाण तो खुलंच ठेवायचा. फाउंटन पेनने लिहायचं, वर नंबर टाकायचा, नकला काढून ओळखीच्यांना पाठवायच्या. त्यांनी पुढे आणखी नकला काढायच्या. संत पौलाची पत्रं एका ख्रिस्तसभेकडून दुसरीकडे अशीच जात असणार. १९७२ मध्ये ट्युरिंग पुरस्कार मिळाला, १९८४ मध्ये तो टेक्सासच्या ऑस्टिन विद्यापीठात गेला, तरी ही सवय सुटली नाही. तेराशेच्या वर नंबर गेले. शेवटचा, १३१८ वा, एप्रिल २००२ चा आहे. ६ ऑगस्टला न्यूनेनच्या घरी तो कर्करोगाने गेला.

ऑस्टिनच्या विद्यापीठाने ते सगळे कागद स्कॅन करून नेटवर ठेवले आहेत, फुकट. मी मावसभावाच्या लॅपटॉपवर थोडे उघडून बघितले. सरळ उभं अक्षर, खाडाखोड जवळजवळ नाहीच. त्याला दाखवलं, तर तो म्हणाला हा फॉन्ट आहे. तसा त्या अक्षरावरून पुढे कुणीतरी फॉन्टही बनवलाय. पण तो कागद हाताने लिहिलेला होता, हे त्याला पटवायला मला दोन पानं मोठी करून दाखवावी लागली.