मल्लवीर कै. खाशाबा जाधव : श्रम आणि विश्रांती

सातारा जिल्ह्यात कऱ्हाडजवळील गोळेश्वर या खेड्यात १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म झाला. वडील दादासाहेब स्वतः मल्ल. त्यांनी मुलाला बालपणीच तांबड्या मातीत उतरविले. पुढे कोल्हापुरास विद्याभ्यास व तालीम दोन्ही चालली. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये गादीवरच्या कुस्तीचा फारसा सराव नसतानाही ते सहावे आले.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी द्रव्याची अडचण पडली, तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. तेथे खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको व जर्मनीच्या मल्लांना हरविले. जपानच्या इशीशी मात्र त्यांची दीर्घ झुंज होऊन त्यांत ते हरले, आणि लगेच सोव्हिएत मल्ल मामेदबेकोव यांच्याशी लढण्याची आज्ञा झाली. दोन कुस्त्यांमध्ये निदान अर्धा तास विसावा मिळावा असा नियम होता. परंतु तो ठणकावून सांगण्यास आपला एकही अधिकारी जवळ नव्हता. थकल्या अंगाने ते लढले व हरले. तरीही कांस्यपदक मिळवून स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक त्यांनी मायदेशी आणले. गोळेश्वरास त्यांची शंभरावर बैलगाड्यांनिशी मिरवणूक निघाली. परतल्यावर कुस्त्यांचे फड भरवून त्यांनी प्राचार्यांचे घर सोडविले, हे आम्हांस पदकाइतकेच मोलाचे वाटते.

त्या हुकलेल्या अर्ध्या तासाचा बोध आमच्या तरुणांनी घ्यावा. झुंजीनंतर स्नायूंतील तात्कालिक शक्ती काही मिनिटांतच बरीचशी परत येते. रक्तात साचलेले लॅक्टिक आम्ल ओसरण्यास अर्धा ते एक तास लागतो. खर्ची पडलेले ग्लायकोजेन भरून येण्यास सुमारे एक दिवस, व जड मेहनतीने झालेली स्नायुतंतूंची झीज भरून येण्यास दोन-तीन दिवस लागतात. बळ वाढते ते या भरपाईच्या काळात. म्हणून ज्या अंगास आज कठोर मेहनत दिली, त्यास निदान ४८ तास उसंत द्यावी. प्रत्येक अंगास आठवड्यातून दोनदा अशी मेहनत पुरेशी होते. सोमवारी व गुरुवारी छाती, खांदे, दंड. मंगळवारी व शुक्रवारी पाठ व मांड्या, अशी वाटणी करता येईल. मधल्या दिवशी हलके चालणे, पोटभर सकस आहार व गाढ झोप असावी. रोज तेच वजन त्याच अंगाने उचलून दुखणे अंगावर काढणाऱ्या आमच्या मुलांना वडीलधाऱ्यांनी हे सांगितले पाहिजे.

१९५५ मध्ये खाशाबा पोलिस खात्यात उपनिरीक्षक झाले व पुढे सहायक आयुक्तपदापर्यंत चढले. १९८४ साली रस्त्यावरील अपघातात त्यांचे देहावसान झाले. कुस्तीतील पुढचे ऑलिंपिक पदक देशास २००८ मध्ये मिळाले, यावरून त्यांच्या पराक्रमाची थोरवी कळते. त्यांचे बळ आमच्या घराघरांत यावे, आणि ज्या विसाव्याला ते मुकले तो आमच्या मुलांना लाभावा, हीच प्रार्थना.