एसी बसवताना पाइपमधली हवा ओढणारा पंप एका महापौराने शोधला होता

अंधेरी-बोरिवलीच्या एखाद्या फ्लॅटमध्ये नवा स्प्लिट एसी बसतो. कॉपरचे पाइप जोडून झाले की चांगला मेकॅनिक एक छोटा पंप लावतो आणि पंधरा-वीस मिनिटं थांबतो. घरच्यांना वाटतं, हा उगाच वेळ काढतोय. पण तो पंप पाइपमधली हवा बाहेर ओढत असतो.

असा पंप पहिल्यांदा बनवणारा माणूस होता जर्मनीतला ऑटो फॉन गेरिक.

गेरिकचा जन्म 1602 साली माग्डेबुर्ग शहरात झाला. शिक्षण कायद्याचं, शिवाय गणित आणि तटबंदीचं. 1631 मध्ये युद्धात शत्रूच्या सैन्याने माग्डेबुर्ग जाळलं, हजारो माणसं मेली. गेरिक कसाबसा वाचला, परत आला आणि शहर उभं करायच्या कामाला लागला. 1646 मध्ये तो तिथला महापौर झाला.

कारभार सांभाळताना त्याच्या डोक्यात एक प्रश्न होता. निर्वात पोकळी असूच शकत नाही, असं ॲरिस्टॉटलच्या काळापासून मानलं जायचं. गेरिकने ते करून बघायचं ठरवलं.

त्याने बिअरचं लाकडी पिंप पाण्याने भरलं आणि पंपाने पाणी उपसलं. पण लाकडाच्या फटींतून हवा आवाज करत आत शिरली. मग त्याने तांब्याचा गोळा घेतला, तर तो धाडकन चेपला. शेवटी जाड आणि नीट गोल गोळा केला, तेव्हा कुठे जमलं.

1654 मध्ये रेगेन्सबर्गला त्याने सम्राटासमोर प्रयोग दाखवले. पुढे तांब्याचे दोन अर्धगोल जोडून त्याने आतली हवा काढली आणि दोन्ही बाजूंना आठ-आठ घोडे जुंपले. बाहेरच्या हवेचा दाबच इतका, की घोड्यांनाही ते सुटेनात. आत हवा सोडली की मात्र ते हाताने वेगळे व्हायचे.

1686 मध्ये हॅम्बुर्गला त्याचं निधन झालं.

आता एसीकडे येऊ. पाइपमध्ये हवा राहिली तर ती गॅससारखी द्रवरूप होत नाही. दाब वाढतो, कूलिंग कमी होतं, कॉम्प्रेसरवर ताण येतो. मुंबईच्या दमट हवेतली वाफ आत राहिली तर बर्फ होऊन वाट अडवते, तेलात मिसळून ॲसिडही तयार करते. पंपाने दाब खूप खाली आणला की हे पाणी साध्या तापमानालाच उकळून बाहेर निघतं. काही जण पंप न लावता थोडा गॅस सोडून हवा ढकलतात. त्यात गॅस वाया जातो आणि ओलावा पूर्ण निघत नाही. शिवाय आर-32 सारखा गॅस पेट घेऊ शकतो.

पंप बंद केल्यावर मेकॅनिक गेजकडे बघत थांबतो. काटा वर सरकला, तर कुठेतरी लीक आहे किंवा आत ओलावा उरलाय. गेरिकचं पिंपही तिथेच फसलं होतं. त्यामुळे पुढच्या वेळी मेकॅनिकला घाई करू नका. पंप आणलाच नसेल, तर मात्र नक्की विचारा.