कॉलेजचं आवार मोजणारे सर : जॉन मिल्न

भूकंप म्हटलं की आपल्या भागात ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा हादरा आठवतो. पण मी इथे ओळख करून देणार आहे ती एका इंजिनीअरिंग कॉलेजच्या सरांची.

जॉन मिल्न १८५० साली लिव्हरपूलला जन्मले. खाणकाम शिकले आणि टोकियोच्या इम्पिरियल कॉलेज ऑफ इंजिनीअरिंगमध्ये त्यांना नोकरी मिळाली. बोट लागायची म्हणून हा पठ्ठ्या सायबेरियातून खुष्कीच्या मार्गाने निघाला नि १८७६ मध्ये पोहोचला! १८८० च्या योकोहामा भूकंपानंतर त्यांनी जपानची भूकंपशास्त्र संस्था उभी केली, सहकाऱ्यांबरोबर भूकंपमापक बनवले.

मला सगळ्यात आवडतं ते त्यांचं १८८४-८५ चं काम. कॉलेजच्याच आवारात त्यांनी ठिकठिकाणी यंत्रं मांडली. भूकंप एकच, अंतर काही पावलांचं. तरी मऊ, दलदलीची जमीन जास्त हलायची, टणक जमीन कमी.

कारण साधं आहे. मऊ थरात लाटेचा वेग कमी होतो आणि तिची उंची वाढते. शिवाय प्रत्येक थराला स्वतःचा आवर्तनकाल असतो : जाडीची चौपट भागिले लाटेचा वेग. समजा कातळावर १० मीटर मातीचा थर आहे आणि वेग सेकंदाला २०० मीटर. उत्तर येतं ०.२ सेकंद. दुमजली इमारतीचा कालही साधारण तेवढाच! म्हणजे माती आणि इमारत एका तालात डोलणार.

१८९५ मध्ये आगीत मिल्न यांचं घर आणि कागदपत्रं जळाली. तरी इंग्लंडला परतून त्यांनी जगभर भूकंपमापकांचं जाळं विणलं. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतही त्यांचंच यंत्र बसलं. १९१३ मध्ये ते वारले.

आज आपण कम्प्युटरवर भूकंप घडवून बघतो. मऊ थरासाठी मेश फार बारीक घ्यावा लागतो, वेळ खूप जातो, म्हणून मोठ्या प्रदेशाच्या सिम्युलेशनमध्ये वरचे थर बऱ्याचदा गाळले जातात. पण घरं तर त्याच थरांवर उभी असतात! आपल्या कोल्हापुरात खाली बेसॉल्टचा कातळ, पण पंचगंगेच्या काठाला काळी माती. दोन्हीकडे एकच आकडा वापरला तर नदीकाठच्या घराचा हिशेब चुकणार. म्हणून सिव्हिलवाल्यांनो, प्रोजेक्टला सॉफ्टवेअर उघडण्याआधी बोअरचा अहवाल उघडा. मिल्न सरांनी सुरुवात पायाखालूनच केली होती.