ग्वाल्हेरचे स्थळ नाकारणारी राजकन्या

राजघराण्यातील विवाहाविषयी सर्वसामान्यांना नेहमीच कुतूहल वाटत आले आहे. लंडनमध्ये १९८१ साली झालेला युवराज चार्ल्स आणि डायना यांचा विवाह जगभरातील कोट्यवधी लोकांनी दूरचित्रवाणीवर पाहिला. मात्र त्याच लंडनमध्ये १९१३ साली एका मराठा राजकन्येचा विवाह झाला, तेव्हा तिच्या माहेरचे कोणीही मंडपात उपस्थित नव्हते. ही राजकन्या म्हणजे बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांची कन्या इंदिराराजे. पुढे त्या कूचबिहारच्या महाराणी इंदिरादेवी म्हणून ओळखल्या गेल्या.

इंदिराराजे यांचा जन्म १८९२ साली बडोद्यात झाला. वडील सयाजीराव हे नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या शेतकरी कुटुंबात जन्मलेले. मल्हारराव गायकवाड यांना इंग्रजांनी पदच्युत केल्यानंतर १८७५ साली दत्तकविधानाने ते गादीवर आले. गादीचा वारसा हा केवळ जन्माचा नव्हे तर योगायोगाचाही विषय असतो, याचे ते चालतेबोलते उदाहरण होते. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग त्यांनी १८९३ साली अमरेलीत सुरू केला आणि १९०६ साली तो संपूर्ण संस्थानात नेला. बालविवाहाला प्रतिबंध करणारा कायदा त्यांनी १९०४ मध्ये केला. मातोश्री चिमणाबाई यादेखील स्त्रियांच्या हक्कांच्या पुरस्कर्त्या होत्या. भारतीय स्त्रीच्या स्थितीवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक १९११ साली प्रसिद्ध झाले आणि १९२७ साली पुण्यात भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय महिला परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले. अशा घरात, भावंडांसमवेत इंदिराराजे वाढल्या आणि बडोदा कॉलेजात शिकल्या.

तथापि, विवाहाचा प्रश्न आला तेव्हा या सुधारणावादी घरानेही रूढ मार्गच पत्करला. ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांच्याशी इंदिराराजे यांचा वाङ्निश्चय झाला. मराठा संस्थानिकांतील दोन बलाढ्य घराणी या विवाहाने जोडली जाणार होती. राजकीयदृष्ट्या यापेक्षा तोलामोलाचे स्थळ शोधूनही सापडले नसते. परंतु माधवराव वयाने सुमारे सोळा वर्षांनी मोठे होते आणि त्यांचा विवाह आधीच झालेला होता. पहिल्या महाराणी चिंकूराजे यांना अपत्य नव्हते. गादीला वारस हवा, हे या सोयरिकीमागचे उघड कारण होते. ग्वाल्हेरच्या राजवाड्यात पडद्याची चालही कडक होती. युरोपचा प्रवास केलेल्या, मोकळ्या वातावरणात वाढलेल्या तरुणीला तेथे जनानखान्यात राहावे लागले असते.

डिसेंबर १९११ मध्ये पंचम जॉर्ज यांच्या राज्यारोहणानिमित्त दिल्ली दरबार भरला. या दरबाराचा उल्लेख होताच सयाजीरावांनी बादशहाला केलेल्या मुजऱ्यावरून उठलेले वादळ आठवते. सरकारदरबारी त्यांच्या निष्ठेविषयी संशय व्यक्त होऊ लागला आणि इंग्लंडमधील वृत्तपत्रांनी त्यांच्यावर टीकेची झोड उठवली. गायकवाड कुटुंबाला दुसरा धक्का बसला तो घरातून. दिल्लीतील त्या मुक्कामातच इंदिराराजे यांचा कूचबिहारचे राजपुत्र जितेंद्रनारायण यांच्याशी स्नेह जुळला. लग्नाची तयारी सुरू असतानाच, आईवडिलांना न सांगता, त्यांनी ग्वाल्हेरच्या महाराजांना स्वतःच्या हाताने पत्र लिहून आपण हा विवाह करू इच्छित नसल्याचे कळवले. पत्राचा अर्थ काय, अशी विचारणा करणारी तार ग्वाल्हेरहून बडोद्याला आली, तेव्हा कोठे आईवडिलांना हा प्रकार समजला.

त्या काळात वाङ्निश्चय मोडणे ही साधी गोष्ट नव्हती आणि तो वधूने मोडणे तर अघटितच. त्यात कूचबिहारच्या या संबंधास बडोद्याची संमती मिळणे कठीण होते. बडोद्याला २१ तोफांच्या सलामीचा मान, तर कूचबिहारला १३ तोफांचा. ते घराणे मराठा नव्हते. जितेंद्र हे दुसरे पुत्र असल्याने गादीचे वारसही नव्हते. शिवाय त्या घरावर ब्राह्मो समाजाचा प्रभाव होता. त्यांच्या मातोश्री सुनीतीदेवी या केशवचंद्र सेन यांच्या कन्या. त्यांचा स्वतःचा विवाहही एके काळी देशभर गाजला होता. मुलींच्या विवाहाचे वय वाढवावे यासाठी झटणाऱ्या केशवचंद्रांनी १८७८ साली चौदा वर्षेही पूर्ण न झालेल्या आपल्या मुलीचा विवाह कूचबिहारच्या महाराजांशी लावून दिला. त्यावरून ब्राह्मो समाजात फूट पडून साधारण ब्राह्मो समाज स्थापन झाला. सुधारकाच्या तत्त्वांची खरी परीक्षा त्याच्या घरातील विवाहातच होते, हे सासू आणि सून या दोघींच्याही चरित्रांतून दिसते.

आईवडिलांनी मन वळवण्याचे सर्व प्रयत्न केले, परंतु इंदिराराजे आपल्या निर्णयापासून ढळल्या नाहीत. अखेर नाइलाजाने संमती मिळाली आणि १९१३ साली लंडनमधील एका हॉटेलात ब्राह्मो पद्धतीने हा विवाह झाला. दैवगती अशी की, त्यानंतर अल्पावधीतच, सप्टेंबर १९१३ मध्ये, जितेंद्र यांचे ज्येष्ठ बंधू महाराज राजेंद्रनारायण यांचे निधन झाले. ते अविवाहित होते. एका अभिनेत्रीशी विवाह करण्याची त्यांची इच्छा घराण्याने मान्य केली नव्हती. त्यामुळे गादी जितेंद्र यांच्याकडे आली आणि धाकट्या राजपुत्राशी विवाह केलेल्या इंदिराराजे महाराणी झाल्या.

ग्वाल्हेरच्या गादीचेही भवितव्य यामुळे बदलले. माधवरावांनी पुढे गोव्याच्या राणे घराण्यातील गजराराजे यांच्याशी विवाह केला. त्यांच्या पोटी १९१६ साली जिवाजीराव जन्मले आणि शिंदे घराण्याचा पुढील वंश त्यांच्यापासून चालला.

इंदिरादेवींचा संसार मात्र अल्पायुषी ठरला. डिसेंबर १९२२ मध्ये लंडन येथे जितेंद्रनारायण यांचे वयाच्या ३६ व्या वर्षी निधन झाले. पदरी पाच मुले, त्यांतील थोरला मुलगा जगद्दीपेंद्र जेमतेम सात वर्षांचा. तो महाराज झाला आणि तिशीतील विधवा मातेवर राज्यकारभाराची जबाबदारी आली. १९३६ पर्यंत त्यांनी ती सांभाळली. एकीकडे कूचबिहारच्या राजवाड्यातील शिस्त, सणसमारंभ आणि शिकारी, तर दुसरीकडे लंडन, पॅरिस येथील मेजवान्या आणि जुगाराची टेबले, असे त्यांचे जीवन होते. त्यांच्या खर्चिक राहणीवर टीका झाली आणि ती सर्वस्वी निराधार होती असे म्हणता येणार नाही. इटलीतील प्रसिद्ध पादत्राणकार साल्वातोरे फेरागामो यांच्याकडे त्यांनी शंभर जोड मागवले आणि त्यांतील काहींवर जडवण्यासाठी स्वतःच्या संग्रहातील हिरे-मोती पाठवले. उच्चभ्रू वर्तुळात शिफॉनची साडी रूढ करण्याचे श्रेयही त्यांनाच दिले जाते. विधवेने समाजापासून तोंड लपवून जगावे, अशी अपेक्षा असलेल्या काळात त्या पांढऱ्या शिफॉनच्या साडीत देशोदेशींच्या मेजवान्यांत वावरत होत्या, ही बाबही दुर्लक्षिण्याजोगी नाही.

माहेरचा दुरावा कालांतराने मिटला. कूचबिहारची नातवंडे बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्यात आजोळी येऊन राहू लागली. धाकटी कन्या मेनका हिला तर देवासच्या पवार घराण्यात दिल्याने मराठा संस्थानांशी असलेले नाते पुन्हा जुळले.

नियतीचा खरा खेळ मात्र मधली कन्या गायत्रीदेवी हिच्या विवाहाच्या वेळी झाला. जयपूरचे महाराज सवाई मानसिंह यांच्यावर तिचे मन जडले. त्यांना जोधपूर घराण्यातील दोन राण्या होत्या. ज्या मातेने दुसरी राणी होण्याचे नाकारले, तिच्यासमोर कन्या तिसरी राणी होण्याचा हट्ट धरून उभी होती. इंदिरादेवींनी तिला थांबण्यास सांगितले, काही काळ जाऊ दिला. परंतु स्वतःच्या इच्छेने विवाह केलेल्या आईला मुलीची इच्छा मोडणे शक्य नव्हते. मे १९४० मध्ये कूचबिहार येथे हा विवाह थाटामाटात पार पडला. गायत्रीदेवी पुढे १९६२ साली जयपूरमधून विक्रमी मताधिक्याने लोकसभेवर निवडून गेल्या.

इंदिरादेवींची अखेरची वर्षे दुःखात गेली. ज्येष्ठ कन्या इला १९४५ साली, तर धाकटे पुत्र इंद्रजितेंद्र १९५१ साली निवर्तले. दरम्यान १९४९ मध्ये कूचबिहार संस्थान भारतात विलीन झाले आणि १ जानेवारी १९५० पासून पश्चिम बंगालचा जिल्हा बनले. ६ सप्टेंबर १९६८ रोजी मुंबईत इंदिरादेवींचे निधन झाले. संस्थानिकांचे तनखे त्यानंतर तीनच वर्षांनी, १९७१ साली, रद्द झाले.

तोफांच्या सलाम्या, दत्तकविधाने आणि वारसाहक्काचे वाद आता इतिहासजमा झाले आहेत. इंदिराराजे यांची कहाणी मात्र आजही आवर्जून सांगितली जाते. दोन संस्थानांनी आणि दोन घराण्यांनी ठरवलेला विवाह एका तरुणीने स्वतः लिहिलेल्या एका पत्राने मोडला. वडिलांच्या संस्थानात मुलींना शाळेत पाठवणे कायद्याने सक्तीचे होते. तेथे लिहावयास शिकलेल्या मुलीने पहिला मोठा निर्णय लिहूनच कळवावा, यात खरे तर नवल वाटण्याचे कारण नव्हते.